दुकानाच्या कॉम्प्युटरचा बॅकअप स्क्रिप्टने कसा घ्यायचा, आणि तो बंद पडला तर कळायचं कसं

माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स, आणि निवडणुका आल्या की हँडबिलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पाच वर्षांनी उगवतं आणि म्हणतं, "थोरल्याच्या लग्नाला केलेली तीच पत्रिका काढा, फक्त नावं बदला", आणि ती फाईल सापडली नाही तर त्याच्या दृष्टीने आपण दुकान बंदच करायला हवं. त्यामुळे बॅकअप हा विषय मी नाइलाजाने शिकलो. आधी काय करायचो तर शनिवारी संध्याकाळी एक्स्टर्नल डिस्क लावायची, डी ड्राइव्हमधला 'कामं' नावाचा फोल्डर उचलून तिकडे पेस्ट मारायचा, "रिप्लेस करू का" विचारलं की हो म्हणायचं आणि घरी जायचं. दोन शनिवार हे केलं की तिसऱ्या शनिवारी घाई असते, आणि ज्या आठवड्यात घाई असते त्याच आठवड्यात डिस्क जाते, हे काय वेगळं सांगायला नको.

आता एक बॅच फाईल आहे, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेली साधी टेक्स्ट फाईल, तीच आपली स्क्रिप्ट. ती दुपारी दीड वाजता जेवणाच्या वेळी आपोआप चालते. ती कशी केली ते सगळं सांगतो, चुकांसकट. विंडोजवरच सांगतोय कारण आपल्याकडच्या दुकानांत, सीए लोकांच्या ऑफिसात तेच असतं. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या. स्पेलिंगमध्ये अडलात तर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) रोबोकॉपी, म्हणजे फाईली कॉपी करायची विंडोजची कमांड, लिहून स्पेस आणि स्लॅश प्रश्नचिन्ह मारा, सगळ्या स्विचांची, म्हणजे कमांडच्या पुढे जोडायच्या सूचनांची, यादी समोर येते.

आधी नेमकं काय वाचवायचंय ते बघा

हे लोक सोडून देतात आणि थेट स्क्रिप्टवर उडी मारतात. कामाच्या फाईल्स तर झाल्याच, पण डीटीपीवाल्यांनो, फॉन्ट? जुन्या श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत, केलेली पत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली आणि फॉन्ट नसला तर "श्री गणेशाय नमः" च्या जागी कसलीतरी कंसं आणि डॉलरची चिन्हं दिसतात, फाईल आहे पण नसल्यासारखीच. फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं तर फॉन्ट त्या युजरच्या ॲपडेटाखाली, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या आडबाजूच्या फोल्डरात जाऊन बसतो. मला हे मशीन बदललं तेव्हा कळलं. दोन्ही फोल्डर यादीत घ्या.

दुसरं, कोरल (आम्ही पत्रिका ज्यात डिझाइन करतो ते सॉफ्टवेअर) स्वतःच प्रत्येक फाईलशेजारी 'बॅकअप ऑफ' अशा नावाची एक फाईल करून ठेवतो, आणि माझ्या ओळखीतले दोघंतिघं तेवढ्यावर निश्चिंत आहेत. अरे बाबांनो, ती त्याच फोल्डरात आहे, त्याच डिस्कवर! डिस्क गेली की दोन्ही एकाच वेळी जाणार. फाईल करप्ट झाली तर तिचा उपयोग आहे, बॅकअप म्हणून काही नाही. उलट ती दरवेळी कॉपी होऊन जागा खाते, म्हणून मी तिला स्क्रिप्टमधून वगळलीय.

टॅलीवाल्यांनी एवढं पाळा की कॉपी चालू असताना टॅली बंद पाहिजे. अर्धवट लिहिलेला डेटा कॉपी झाला तर तो परत उघडेलच असं नाही. आउटलुकचंही तेच, उघडं असताना त्याची मेलची फाईल लॉक असते, कॉपीच होत नाही.

रोबोकॉपी, पण त्याच्या सवयी माहीत करून घेऊन

विस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये ही कमांड आलेलीच असते, वेगळं काही टाकावं लागत नाही. साधी ओळ अशी: रोबोकॉपी, मग कुठून ते, मग कुठे ते, मग स्विच. दोन्ही पत्ते डबल कोटमध्ये घाला, कारण कुठल्यातरी फोल्डरच्या नावात स्पेस असतेच. आणि कोट बंद करायच्या आधी शेवटी बॅकस्लॅश ठेवू नका, तो बॅकस्लॅश पुढच्या कोटाला खाऊन टाकतो आणि मग रोबोकॉपीला दोन पत्ते मिळून एकच लांबलचक पत्ता दिसतो, एरर अशी येते की काही म्हणजे काही कळत नाही. माझी एक अख्खी दुपार यात गेलीय.

स्लॅश ई म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामेसुद्धा. स्लॅश एमआयआर म्हणजे आरसा: इकडे जे नाही ते तिकडूनही पुसायचं. दुसऱ्यांदा चालवलं की फक्त बदललेल्या फाईल जातात, म्हणून पहिल्या दिवशी दोन तास लागले तरी पुढे पाच मिनिटांत आटपतं.

आता गंमत. एखादी फाईल लॉक असली तर रोबोकॉपी परत प्रयत्न करतो, आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर किती वेळा? दहा लाख वेळा. दर दोन प्रयत्नांत ३० सेकंद थांबून. हिशोब करा, तीन कोटी सेकंद, म्हणजे जवळपास ३४७ दिवस, एका फाईलसाठी! लोक म्हणतात रोबोकॉपी हँग होतो, हँग होत नाही हो, तो बिचारा वाट बघत बसलेला असतो. म्हणून स्लॅश आर कोलन २ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन ५ हे दोन घालायचेच, म्हणजे दोनदा बघेल, पाच-पाच सेकंद थांबेल, आणि पुढे जाईल.

बाकीचे पटकन: स्लॅश एक्सजे घाला, नाहीतर युजर फोल्डरातल्या जंक्शनमध्ये, म्हणजे दुसऱ्याच फोल्डरकडे नेणाऱ्या आडवाटांमध्ये, गोल गोल फिरत बसतो. स्लॅश एक्सएफ आणि पुढे ते 'बॅकअप ऑफ' नाव नि स्टार, म्हणजे त्या फाईल वगळल्या जातात. लॉगसाठी साधा लॉग स्विच न घेता स्लॅश युनिलॉग प्लस कोलन आणि लॉग फाईलचा पत्ता द्या, कारण आपल्या फाईलींची नावं मराठीत असतात आणि साध्या लॉगमध्ये त्यांची प्रश्नचिन्हं होतात.

मराठी नावांवरून आठवलं. बॅच फाईलमध्येच 'कामं' असं देवनागरीत लिहायचं असेल तर दुसऱ्या ओळीत सीएचसीपी ६५००१ टाका आणि नोटपॅडमधून सेव्ह करताना एन्कोडिंग साधं यूटीएफ-८ ठेवा, 'विथ बॉम' वालं नको, ते घेतलं तर पहिलीच ओळ एरर देते. काळ्या खिडकीत मराठीच्या जागी चौकोन दिसतील, दिसू देत, कॉपी नीट होते. आणि सेव्ह करताना खाली 'ऑल फाईल्स' निवडा, नाहीतर फाईल डॉट बॅट डॉट टीएक्सटी होते आणि डबल क्लिक केलं की परत नोटपॅडच उघडतं.

पहिल्यांदा चालवताना शेवटी स्लॅश एल लावा. मग तो काहीच कॉपी करत नाही, काही पुसतही नाही, फक्त काय केलं असतं ते दाखवतो. आरसावाला स्विच असेल तर हे न करता एंटर मारू नका.

डिस्क ओळखायची, अक्षरावर जायचं नाही

मी माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये सरळ ई ड्राइव्ह लिहून टाकला होता, आणि आरसा थेट त्या ड्राइव्हच्या मुळावर, म्हणजे कुठल्या फोल्डरात नाही, सगळ्यात वर. एका दुपारी एक गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देऊन गेलं, मुलीच्या बारशाचे फोटो होते, त्यातला एक फ्लेक्सवर घ्यायचा होता. माझी डिस्क त्या दिवशी लावलेली नव्हती. पेनड्राइव्हला ई अक्षर मिळालं. दीड वाजले, मी डबा उघडला, आणि स्क्रिप्टने अगदी इमानदारीत तो पेनड्राइव्ह माझ्या 'कामं' फोल्डरचा आरसा करायला घेतला, म्हणजे आधी त्यावरचं 'जास्तीचं' सगळं साफ. लॉगमध्ये एकाखाली एक ओळी, 'एक्स्ट्रा फाईल', 'एक्स्ट्रा फाईल'. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरेचसे फोटो परत आले, सगळे नाही. त्या माणसाला फोन करताना काय वाटलं ते लिहीत नाही.

तेव्हापासून डिस्कच्या मुळाशी एक रिकामी टेक्स्ट फाईल ठेवलीय, नाव असं की दुसऱ्या कुणाच्या पेनड्राइव्हवर असणं शक्यच नाही. दुकानाचं नाव आणि पुढे काहीतरी आकडा, असं काहीही चालेल. स्क्रिप्ट आधी 'डिस्क' नावाचं व्हेरिएबल, म्हणजे किंमत भरून ठेवायचा डबा, रिकामं करते, मग एका फॉर लूपने डी सोडून ई, एफ, जी, एच, आय अशी अक्षरं बघते, आणि ज्या अक्षरावर ती खूणफाईल सापडेल ते व्हेरिएबलमध्ये भरते. सापडलीच नाही तर गोटू करून, म्हणजे मधल्या ओळी सोडून, सरळ 'गडबड' असं नाव दिलेल्या जागेवर (लेबलवर) उडी. बॅच फाईलमध्ये फॉर लूपच्या अक्षराला दोन पर्सेंट लागतात, खिडकीत हाताने टाइप करताना एक, हे मी आजही विसरतो.

आणि खूणफाईल मुळाशी, बॅकअप मात्र आतल्या फोल्डरात. दोन्ही एकाच जागी ठेवलं तर आरसा पहिल्याच दिवशी खूणफाईल पुसून टाकेल.

एकच कॉपी पुरत नाही, वारांचे फोल्डर करा

आरशाची अडचण ही की चूकही आरशात दिसते. सोमवारी चुकून पत्रिकेवर बिलबुक सेव्ह केलं, दुपारी दीडला बॅकअपमध्येही बिलबुकच. रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आलं तर तीच कथा, मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाईलीही लॉक झाल्या होत्या. गुगल ड्राइव्हला सिंक लावलंय म्हणून बॅकअप आहे म्हणणाऱ्यांनाही हेच, इकडे डिलीट झालं की तिकडेही डिलीट, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं तेवढंच.

माझा डेटा ४० जीबीच्या आसपास आहे, डिस्क एक टीबीची. म्हणून सात वारांचे सात फोल्डर, ४० गुणिले ७ म्हणजे २८० जीबी, आरामात बसतं. प्रत्येक वारी त्या वाराच्या फोल्डरवर आरसा, त्यामुळे चूक लक्षात यायला आठवडा मिळतो. वार काढायला बॅचमधलं डेट व्हेरिएबल वापरू नका, ते रीजन सेटिंगप्रमाणे बदलतं आणि मध्ये स्लॅश असले तर फोल्डरच होत नाही. फॉर स्लॅश एफ वापरून पॉवरशेलला (विंडोजमधलीच दुसरी, नवी कमांडची खिडकी) विचारा: कंसात गेट-डेट, डॉट, डे ऑफ वीक. मंडे, ट्यूसडे असं सरळ उत्तर येतं, ते 'वार' व्हेरिएबलमध्ये भरायचं.

शिवाय महिन्याचा एक फोल्डर. गेट-डेटला फॉरमॅट द्यायचा, चार वाय आणि दोन एम, पण एम कॅपिटल! छोटे एम म्हणजे मिनिटं, आणि मग स्क्रिप्ट ज्या मिनिटाला चालेल त्या आकड्याचा भलताच 'महिना' तयार होतो. या नावाचा फोल्डर नसेल तरच त्यात स्लॅश ई ने पूर्ण कॉपी, असेल तर हात लावायचा नाही. दिवाळीनंतर बसून जुने महिने मी हाताने काढतो, पुसण्याचं काम स्क्रिप्टला दिलेलं नाही.

इथे एक खड्डा आहे, नीट बघा. समजा पॉवरशेलने काही कारणाने उत्तरच दिलं नाही आणि 'वार' रिकामा राहिला. मग पत्ता काय होतो? डिस्क, बॅकअप, आणि पुढे काहीच नाही. आरसा थेट बॅकअपच्या मुळावर आणि सातच्या सात वार साफ. हे काल्पनिक नाही. लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरमध्ये जानेवारी २०१५ ला नेमकं हेच उघडकीला आलं होतं, व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि स्क्रिप्ट युजरच्या सगळ्या फाईली पुसत सुटली, वर त्या ओळीशेजारी लिहिणाऱ्यानेच 'स्केअरी' अशी कॉमेंट टाकलेली होती. म्हणून प्रत्येक व्हेरिएबल वापरायच्या आधी: इफ, कोटमध्ये व्हेरिएबल, दोन बरोबर, दोन रिकामे कोट, गोटू गडबड. एवढी एक ओळ.

निकाल वाचायचा, आणि बोंब मारायची

रोबोकॉपी संपला की एक आकडा देतो. शून्य म्हणजे कॉपी करायला काही नव्हतं, १ म्हणजे कॉपी झाल्या, २ म्हणजे तिकडे जास्तीच्या फाईल होत्या, ४ म्हणजे काही जुळत नाहीये, ८ म्हणजे काही फाईल गेल्या नाहीत, १६ म्हणजे मोठी गडबड, चाललंच नाही. हे आकडे एकमेकांत मिळवलेले येतात, ३ म्हणजे १ आणि २ दोन्ही. थोडक्यात ८ च्या खाली ठीक, ८ किंवा वर असेल तर गडबड. बाकी सगळ्या प्रोग्रॅममध्ये शून्य सोडून काहीही म्हणजे एरर असतं, त्यामुळे टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) 'शून्य एक्स १' दिसलं की लोक घाबरून स्क्रिप्ट दुरुस्त करायला घेतात, चांगली चाललेली.

हा आकडा एररलेव्हल या व्हेरिएबलमध्ये येतो, तो रोबोकॉपीच्या लगेच पुढच्या ओळीत दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये साठवा, मध्ये दुसरी कमांड आली तर आकडा बदलू शकतो. आणि हे सगळं कंसातल्या इफमध्ये घालू नका, बॅचमध्ये कंसाच्या आतली व्हेरिएबलं कंस सुरू होतानाच भरली जातात, जुनाच आकडा मिळतो. गोटू जुनाट वाटतं पण इथे तेच बरं.

सगळं ठीक झालं तर शेवटी 'झालं डॉट टीएक्सटी' या फाईलमध्ये तारीख-वेळ लिहायची, ही फाईल सी ड्राइव्हवर स्क्रिप्टच्या फोल्डरात, आणि एक्झिट स्लॅश बी शून्य. गडबड लेबलवर मात्र कलर ४एफ, म्हणजे लालभडक खिडकी आणि पांढरी अक्षरं, काय झालं त्याची एक ओळ, लॉग नोटपॅडमध्ये उघडायचा आणि पॉज. कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत ती लाल खिडकी तिथेच. आमच्याकडे कामाला असलेला मुलगासुद्धा आता फोन करतो, "दादा, लाल झालंय".

पण हे स्क्रिप्ट चालली तर. टास्कच बंद पडला, कुणी डिसेबल केला, विंडोज नव्याने टाकलं, तर लाल खिडकी कुठून येणार? गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ ला तेच झालं. चुकून चालू डेटाबेस पुसला गेला आणि परत आणायला गेले तर बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती, डेटाबेसची रोजची कॉपी (डंप) व्हर्जनच्या घोळामुळे होतच नव्हता आणि त्याच्या फेल झाल्याच्या मेलही पोचत नव्हत्या. शेवटी कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेली कॉपी कामी आली. तिथे इतकी माणसं होती, आपण तर दुकानात दोघं.

म्हणून दुसरी, चार ओळींची स्क्रिप्ट, जी बॅकअप घेतच नाही, फक्त पहारा देते. ती स्टार्टअप फोल्डरात ठेवायची, विंडोज आणि आर दाबून शेल कोलन स्टार्टअप लिहिलं की तो उघडतो. आधी बघायचं की 'झालं' फाईल आहे का, नसेल तर लाल. असेल तर फोरफाईल्स कमांड, स्लॅश पी फोल्डर, स्लॅश एम फाईलचं नाव, स्लॅश डी मायनस ३. फाईल तीन दिवस किंवा त्याहून जुनी असेल तर ती सापडते आणि एररलेव्हल शून्य, ताजी असेल तर सापडत नाही आणि १. म्हणजे इथे उलटं आहे, सापडली तर बोंब मारायची. रविवार धरून तीन दिवस ठीक आहेत, गणपतीत दुकान बंद असलं की उघडल्यावर लाल खिडकी येते, येऊ दे.

टास्क शेड्युलरमधली तीन टिकमार्क

टास्क बनवणं सोपं आहे, रोज, दीड वाजता, ही बॅच फाईल. पण बनवून झाल्यावर प्रॉपर्टीज उघडा. कंडिशन्समध्ये 'एसी पॉवर असेल तरच' ही टिक आधीपासून असते, लॅपटॉपवर लाइट गेलेली असली तर टास्क सुरूच होत नाही, काढून टाका. सेटिंग्जमध्ये 'वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव' ही टिक नसते, ती लावा, दीड वाजता लोडशेडिंग असलं तरी मशीन चालू झाल्यावर चालेल. आणि जनरलमध्ये 'युजर लॉग ऑन असेल तेव्हाच' हेच राहू द्या, दुसरं निवडलं तर सगळं पडद्यामागे चालतं आणि आपली लाल खिडकी कुणालाच दिसत नाही. स्क्रिप्टमध्ये सगळे पत्ते पूर्ण लिहा, सी कोलनपासून, कारण शेड्युलर तिला कुठल्या फोल्डरात उभी करून चालवेल याचा नेम नाही.

दुसरी डिस्क घरी

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे दुकानंच्या दुकानं पाण्यात होती, कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधली बॅकअप डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात. म्हणून दोन डिस्क. दोघींवर तीच खूणफाईल, स्क्रिप्टला कुठलीही चालते. एक दुकानात, एक घरी कपाटात, शनिवारी अदलाबदल. घरची डिस्क आठवडाभर कशालाच जोडलेली नसते, त्यामुळे व्हायरस आणि वीज दोघांपासून लांब. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी मांडलेला तीन-दोन-एकचा नियम हाच: तीन कॉपी, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक जागेपासून लांब. दोन माध्यमांचं म्हणाल तर माझ्या सगळ्या डिस्कच आहेत, तेवढा मी नापास.

लिनक्स किंवा मॅकवाल्यांना रोबोकॉपीच्या जागी आरसिंक ही कमांड आहे, १९९६ पासूनची. तिथे एवढंच लक्षात ठेवा की सोर्सच्या शेवटी स्लॅश असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डरसकट जातो, आणि डिलीट स्विच लावायच्या आधी एकदा मायनस एन लावून कोरडी फेरी मारायची. लिंक-डेस्ट वापरलात तर रोजचा फोल्डर पूर्ण दिसतो पण न बदललेल्या फाईली जागा खात नाहीत, आमच्या सात वारांपेक्षा ते खूपच भारी आहे.

परत आणून बघा

रोबोकॉपी फाईलचा साइझ आणि तारीख बघतो, आतला मजकूर नाही. डिस्क आतून सडत असेल तर त्याला कळणार नाही. महिन्यातून एकदा मी घरच्या डिस्कवरून एक जुनी पत्रिका निवडतो, मुद्दाम दोन-तीन वर्षांपूर्वीची, आणि ती घरच्या लॅपटॉपवर कोरलमध्ये उघडतो. दुकानातल्या मशीनवर उघडून काही उपयोग नाही, तिथे फॉन्ट आहेतच. खात्री करायची असेल तर सर्टयुटिल, मायनस हॅशफाईल, फाईलचा पत्ता, एसएचए२५६ अशी कमांड मूळ फाईलवर आणि कॉपीवर चालवा, दोन्हीचे लांबलचक आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत.

गेल्या वेळी उघडलेली पत्रिका छान उघडली, गणपती, मुहूर्त, दोन्हीकडची नावं सगळं जागेवर, फक्त खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ चौकोन-चौकोन आली. तो एकच फॉन्ट मी कधीतरी नुसता डबल क्लिक करून टाकला होता, त्या आडबाजूच्या फोल्डरात गेलेला, आणि त्या फोल्डरची ओळ लिहिताना पत्त्यात मी जुन्या युजरचं नाव ठेवलं होतं. रोबोकॉपीने १६ दिला असणार, पण ती ओळ मी निकाल तपासायच्या ओळीच्या खाली लिहिली होती. आता वर घेतलीय.